इन्व्हर्टरवर चालणारं कार्ड

पुतणीचा गेमिंग कॉम्प्युटर दिवाळीत खामगावहून गावी आला, तेव्हा त्यात गेमची चित्रं भराभर उमटवणारं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. ते नंतर घ्यायचं, असं तिचं आणि दुकानदाराचं बोलणं झालं होतं. कार्डाशिवाय कॉम्प्युटर चालायचा, साधे गेमही चालायचे. ती खेळायची तो नेमबाजीचा गेम मात्र अडखळायचा. समोरची खेळाडू भिंतीआडून डोकवायची आणि पुढच्याच क्षणी ही बाद झालेली असायची. मधलं काही तिला दिसलेलंच नसायचं.

ती पाच मुलींच्या संघात खेळते. बाकीच्या चौघी पुण्या-नाशिककडच्या. त्यांची हिची प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही. मुलींच्या संघांची एक ऑनलाइन स्पर्धा जवळ आली होती. संघाच्या कप्तानने तिला स्पष्ट सांगितलं होतं की सरावात असंच होत राहिलं, तर स्पर्धेला दुसरी मुलगी घ्यावी लागेल. घरात हे तिने फक्त मला सांगितलं. मी खामगावात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या तपासतो. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो म्हणून कॉम्प्युटरचे सगळे विषय माझ्याकडे, अशी घरातली समजूत आहे. ती चुकीची आहे, पण मी ती मोडलेली नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे मोठे भाऊ, वरवट बकालजवळच्या आमच्या गावात भाजीपाला करतात. वांगी, मिरची, हिवाळ्यात फुलकोबी. माल घेऊन ते खामगावच्या बाजारात येतात. अशाच एका सकाळी बाजार उरकून ते थेट कॉम्प्युटरच्या दुकानात आले. पुतणी तिच्या खामगावातल्या कॉलेजातून आली आणि मला कचेरीतून बोलावून घेतलं.

पुतणीची निवड झालेली होती. मधल्या दर्जाचं कार्ड, दोन पंख्यांचं. तिने बोट दाखवलं आणि दुकानदाराने खोकं काउंटरवर ठेवलं.

भावाने विचारलं, "याच्या वरचं कोनतं?"

दुकानदाराने वरचं काढलं. तीन पंख्यांचं, जवळजवळ हातभर लांब. भावाने दोन्ही कार्डं खोक्याबाहेर काढायला लावली आणि एकेका तळहातावर एकेक घेतलं. आमच्याकडे पाण्याची मोटर अशीच पारखतात. जड असेल तर आत तांबं भरपूर आहे, हलकी असेल तर कंपनीने हात मारलाय. शिवाय मोटर एक नंबर मोठीच घ्यायची, कारण वायर लांब जाते, व्होल्टेज पडतं, आणि कमी पडलेली मोटर उन्हाळ्यात रडवते. या हिशेबाने भावाच्या मोटरी वर्षानुवर्षं टिकल्या आहेत.

"हे घ्या," जड हात किंचित वर करून ते म्हणाले.

"बाबा, मले ते लहानच पुरते," पुतणी म्हणाली.

"पुरते म्हंजे काय? पुरते तं बैलगाडीबी."

मी म्हणालो, "दादा, ती म्हणते तर तिचं ऐकायला काय हरकत आहे?"

"तू पेपरात बातम्या लिव्ह बे. तुले वजन समजते का?"

दुकानदार हसला. कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय या कार्डाला पुरेल, एवढं त्याने तपासून सांगितलं. पुतणी मोठ्या कार्डाकडे बघत होती. नको असलेल्या वस्तूकडे माणूस असं बघत नाही. मोठं कार्ड गावी गेलं.

घरी नवं यंत्र आलं की सुरू करण्याआधी त्याला हळदकुंकू लागतं. फवारणीच्या पंपाला लागतं, मिक्सरला लागतं. वहिनींनी कार्डाच्या मागच्या काळ्या पत्र्यावर बोटभर कुंकू लावलं, नारळ फोडला, मग पुतणीने ते बसवलं. गेम लोण्यासारखा चालला. भिंतीआडून येणारी खेळाडू आता पूर्ण दिसायची, तिच्या बंदुकीवरची चमकसुद्धा. वडिलांनी पाच मिनिटं मागे उभं राहून पाहिलं. "हे वजनाचं काम आहे," असं म्हणून ते मळ्यात गेले.

त्याच आठवड्यात संध्याकाळचा सराव सुरू असताना लाइट गेली. गावात ती जातेच. त्यासाठी घरात इन्व्हर्टर आहे. याआधी लाइट गेली तरी कॉम्प्युटर बंद पडत नसे. या वेळी इन्व्हर्टर टूं टूं करून ओरडला आणि सगळं घर अंधारात गेलं. कॉम्प्युटर, राउटर, स्वयंपाकघरातला दिवा, सगळं एकदम. वहिनी कढईपुढे तशाच उभ्या राहिल्या. मोठं कार्ड गेम चालू असताना जेवढी वीज ओढत होतं, तेवढी पेलण्याची इन्व्हर्टरची ताकद नव्हती. त्याबद्दल दुकानात विचारायचं कोणालाही सुचलं नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. कप्तानचा मेसेज आला: "रविवारी मॅच आहे. तू मधेच गायब होणार असशील तर आत्ताच सांग, राग नाही." तो मेसेज पुतणीने मला फोनवर वाचून दाखवला. आवाज साधा ठेवण्याचा तिचा प्रयत्न होता.

मी शनिवारी सकाळी गावी गेलो. तोवर तिने वडिलांना मेसेज दाखवला होता. भाऊ ओट्यावर चहा घेत होते.

"इन्व्हर्टर मोठा आनू," ते म्हणाले. "त्यात काय?"

"मंग बॅटऱ्या दोन लागतीन. वायरिंग जुनं हाय, ते बदलावं लागीन. उद्या मॅच हाय, बाबा."

"मंग काय कराव म्हनते?"

पुतणीने विचारलं, "खालच्या वावरातल्या विहिरीवर तुमी तीन एचपीचीच मोटर काऊन ठेवली? पाचची काऊन नाही?"

"तिले पानी कुठी हाय? पाचची बसवली तं अर्ध्या घंट्यात विहीर खाली. मंग मोटर कोरडी चालते अन् जळते. तीनची दिवसभर…"

ते मधेच थांबले. कप खाली ठेवला.

"मंग दुकानातच सांगाव ना, माय."

"तुमी हातात घेऊन वजन पाहून राह्यले होते. मी काय सांगू?"

"मले वाटलं," भाऊ म्हणाले आणि मी बसलो होतो तिकडे न बघता म्हणाले, "मले वाटलं तू बापाच्या खिशाकडे पाहून कमी घेऊन राह्यली."

"कमी नव्हतं ते, बाबा. घरापुरतं होतं. अन् खरं सांगू? मोठं मलेबी पाह्यजे होतं."

वहिनी आतून म्हणाल्या, "आता दोघं बाप-लेक गाडी काढा, नाही तं दुकान बंद होईन."

मीही बरोबर गेलो. खामगावच्या दुकानात भावाने कार्ड काउंटरवर ठेवलं. उलटं ठेवलं, मागची बाजू वर करून. कुंकू पुसायचं पुतणीने वाटेत सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. पूजेचं पुसून परत द्यायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि लपवून देणंही.

दुकानदाराने कार्डाकडे पाहिलं. "भाऊ, हे नवं म्हणून मी कसं विकू?"

"नका विकू नवं म्हनून. लावलं ते लावलं. आमच्याकडे लावतात."

"लावतात तर आमच्याकडेही. दसऱ्याला या सगळ्या मशीनना मीच लावतो." त्याने दुकानाच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला. गिऱ्हाइकांना गेम चालवून दाखवण्यासाठी तो ठेवला होता आणि त्याच्या कॅबिनेटवर गेल्या दसऱ्याचं कुंकू सुकलेलं होतं. तो थोडा वेळ दोन्हींकडे पाहत राहिला. "असं करू. हे त्यात घालतो. तिथे शोभेल."

मग त्याने दोन पंख्यांचं कार्ड काढलं. भावाने सवयीने ते हातावर घेतलं, वजन पाहिलं आणि पुतणीला विचारलं, "हे इन्व्हर्टरवर चालीन?"

"चालीन. म्या सगळ्याचा हिशेब करून पाह्यला. राउटर अन् दोन दिवे धरून."

"घरातला पंखा?"

"पंखा बंद ठेवू. थंडीच हाय."

"मंग हेच द्या," ते दुकानदाराला म्हणाले.

रविवारी संध्याकाळी मी गावीच होतो. वहिनींनी नव्या कार्डालाही कुंकू लावलं होतं, या वेळी मात्र कॅबिनेटच्या बाहेरून. पुतणीने कानाला हेडफोन लावले. संघातल्या मुलींशी बोलताना ती पुस्तकातली मराठी बोलते. "मी डावीकडून येते आहे," "तू थांब," असं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चित्र मोठ्या कार्डाइतकं झळझळीत नव्हतं, पण कुठे अडखळत नव्हतं.

भाऊ स्क्रीनकडे बघत नव्हते. पडवीत इन्व्हर्टरजवळ स्टूल टाकून बसले होते, विहिरीवर मोटरच्या स्टार्टरजवळ बसतात तसे, एक कान त्याच्याकडे देऊन.

मॅच निम्म्यावर आली आणि लाइट गेली. शेजारच्या घरातून मुलांचा ओरडा आला. आमच्याकडे इन्व्हर्टर एकदा टकटकला. भाऊ उठून उभे राहिले. मग त्याची नेहमीची बारीक घूं घूं सुरू झाली आणि तशीच राहिली.

आतल्या खोलीत स्क्रीन चालू होता. पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण पुतणी भरभर म्हणाली, "हाव, हाव, आहे ना मी. गेली नाही कुठी. तुमी पुढं व्हा."

भाऊ स्टुलावर परत बसले. मॅच संपेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.