घरटी एक लाकूड

बोळिंजला आमच्या संकुलात सातव्या मजल्यापर्यंत चर्चची घंटा ऐकू येते. गावात ख्रिस्ती माणूस गेला की ती संथ, थांबत थांबत वाजते आणि वाड्यांतली माणसं हातातलं काम ठेवून मयताच्या घरी जातात. संकुलात हे कोणाला ठाऊक नव्हतं. वडिलांनी ते गेटवर भाजी विकायला बसणाऱ्या गावातल्या बाईंकडून समजून घेतलं.

आई गेल्यावर वडील कोकणातलं घर बंद करून आमच्याकडे आले होते. शेजारच्या विंगेतले एक गृहस्थ वारल्याचं आम्हाला तेराव्यानंतर कळलं, तेव्हापासून त्यांच्या मनात एकच भीती होती. "इथे मेलो तर फक्त लिफ्टला कळेल. खांदा कोण देणार?" असं ते म्हणत.

त्यांच्या गावी मयताला प्रत्येक घरातून सरणासाठी एक लाकूड जायचं. पुढची घंटा वाजली तेव्हा ते बांधकामावरचा फळीचा तुकडा काखेत मारून निघाले. मी सोबत होतो. मयताच्या अंगणात लोक बघत राहिले. भाजीवाल्या बाई पुढे आल्या.

"काका, हे काय आनलं?"

"लाकूड. घरटी एक."

"अहो, आमच्यात मयताला पुरतात!"

अंगणात हसू फुटलं. गेलेल्या माणसाचा मुलगाही हसला, आणि हसता हसता रडू लागला. फळी कोणी परत दिली नाही. शवपेटीचं बाक डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली ती सरकवली.

त्यानंतर वडील प्रत्येक घंटेला जात, रिकाम्या हाताने. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत आणि घरी आल्यावर अंघोळ करत. एकदा त्यांनी फादरांना विचारलं, "माझ्यासाठी वाजवाल का?"

"आधी आजारी तरी पडा, काका," फादर म्हणाले. वडिलांनी तो होकार धरला.

त्या फादरांची बदली झाली. दरम्यान गावातली आणखी काही शेतं इमारतींखाली गेली, बरीच मुलं परदेशी स्थायिक झाली. मयताला माणसं कमी दिसतात, असं वडील परत आल्यावर सांगत. मग त्यांचे पाय गेले. डास येत असले तरी ते खिडकी लावू देत नसत. घंटा वाजली की कोण गेलं ते बाईंना विचारून यायला मला खाली पाठवत. "नव्या फादरांना माझं माहीत आहे का?" असंही विचारत. "विचारतो," असं मी म्हणायचो. ते राहून गेलं.

वडील एका दुपारी गेले. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं येत राहिली. बहुतेक लोक कामावर होते. तिरडी बांधून झाली तेव्हा खाली जमलेली माणसं ती उचलायलाही पुरेशी नव्हती. वॉचमनने बाईंना सांगितलं. त्या टोपली तशीच टाकून गेल्या.

काही वेळाने घंटा सुरू झाली. संथ, थांबत थांबत.

बाई परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. "नवे फादर म्हनले, आपल्या चर्चच्या पॅरिशमधलं कोन गेलं? मी म्हनलं, शेवटच्या बाकावरचा."

"मग?"

"मग काय, घंटेची दोरी माझ्याच हाती दिली."

त्यांच्यामागून गावातली माणसं येत होती, बहुतेक म्हातारी. प्रत्येकाच्या हातात लाकूड होतं. सर्वात पुढे तो अंगणात रडलेला मुलगा होता.

"घरटी एक," तो म्हणाला आणि लाकूड खाली ठेवून त्याने तिरडीला खांदा दिला.

स्मशानात महापालिकेची लाकडं रचून तयार होती. त्यांवर ही ठेवली. त्यातलं एक जांभळाचं ओलं होतं. ते पेटेना, नुसता धूर होऊ लागला. सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, पण ते बाजूला काढा असं कोणी म्हणालं नाही.