चौदा चहा

माझ्या मराठीबद्दल मला कधीच शंका नव्हती. उज्जैनला आमच्या मंडळात दर रविवारी मी मुलांना मराठी शिकवत असे. जिथं सगळेच 'बाहेर पाणी गिरतंय' म्हणतात, तिथं 'पाऊस पडतोय' म्हणणारी बाई आपोआप विदुषी ठरते. मीही ठरले होते, आणि ते मला आवडतही होतं.

ताई दिली होती कोकणात, खाडीकाठच्या गावी. भाऊजी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दर हिवाळ्यात एका ठरलेल्या रविवारी ते खाडीवरचे आणि मागच्या खाजणातले पक्षी मोजायचे. खाजण म्हणजे भरतीचं पाणी मुरून झालेली चिखलाची सपाट जमीन. मोजणीचा तक्ता भरून ते पुण्याला पाठवायचे. तिथली काही हौशी मंडळी असे तक्ते गोळा करत. ताईच्या भाषेत, "लोक पोरंबाळं मोजतात, हे पाखरं मोजतात."

त्या जानेवारीत भाऊजींचं जाड पाकीट आलं. त्या वर्षांत उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात दर चार दुकानांआड एसटीडीचा बूथ उघडत होता, पण भाऊजींचा विश्वास टपालावरच. पत्रात लिहिलं होतं की यंदा खाजणात पाणलावा एकही उतरलेला नाही. तिथं कोळंबीचं तळं खणायचं घाटतंय. महिनाअखेरीस गावची सभा आहे. लोक म्हणतात, मास्तर, तुमची पाखरंच येत नाहीत, मग जागा राखायची कोणासाठी? मला वाटतं, तुमच्या माळव्यात यंदा पाऊस उशिरापर्यंत पडला, तळी भरलेली आहेत, म्हणून पाखरं वाटेत रेंगाळली असतील. पण वाटून काय उपयोग, कोणीतरी बघायला हवं. तुम्ही दोघं येत्या रविवारी एखाद्या तळ्यावर जाऊन मोजाल का?

सोबत छापील तक्ता होता, आणि खाली सूचना. 'पक्षी मोजायला शिक्षण लागत नाही. दिसला नाही तर शून्य लिहा, आम्हांला शून्यही हवं. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहा.'

शेवटची सूचना मी वाचली आणि सोडून दिली. नाव ठाऊक नसणाऱ्यांसाठी होती ती.

रविवारी सकाळी मंडळाला सुट्टी देऊन आम्ही स्कूटरवर निघालो. आमचे हे बँकेत. त्यांना मोजण्याचा कंटाळा नव्हता, चालण्याचा होता. मांडीवर तक्ता, खांद्याला थर्मास, अशी मी मागे बसले. गावाबाहेरच्या तळ्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि ज्याचे वेल तो म्हातारा काठावर नाव उलटी करून डांबर लावत होता. नमस्कार करून मी तक्ता उघडला.

टिटवी, बगळा, शेकाट्या, पाणकावळा हे भराभर झालं. मग आला पाणलावा. मी ह्यांना समजावलं, "अहो, सोपं आहे. पाणकोंबडी पाण्यात पोहते, पाणकावळा पाण्यात पोहतो. म्हणजे पाणलावा कोण? पोहणारा लावा. गोल, तित्तिरासारखा. बघा कुठे पोहतोय का."

ह्यांनी डोळ्यांवर हात धरून सगळं तळं पाहिलं. "गोल काही नाही पोहत."

तेवढ्यात मी दलदलीत एक पाऊल पुढे टाकलं आणि पायाखालून काहीतरी फुर्रकन उडालं. खरखरीत आवाज काढत, वेडंवाकडं वळत ते पार पलीकडे गेलं. मी इतक्या जोरात किंचाळले की अजून चार उडाले.

म्हातारा हसला. "अरे बेनजी, डरो मत. चहा है. पाँव न पड़े तब तक दिखे नी."

"बहुत हैं?"

"पूरी मेड़ पे बैठे हैं. उड़ाओ और गिनो."

मेड़ म्हणजे बांध. मग आम्ही बांधाच्या कडेनं तळ्याला अर्धी चक्कर मारली. मी चिखल तुडवायचा, ह्यांनी मोजायचं. लांब सरळ चोच, पाठीवर सुक्या गवतासारखे पट्टे, पायाखाली येईपर्यंत चिखलाचा गोळाच. शिंगाडेवाल्याने ओरडून दुजोरा दिला आणि चौदावर आकडा ठरला.

घरी येऊन सुवाच्य अक्षरात तक्ता भरला. पाणलावा: शून्य. खाली शेऱ्यात माझी विद्वत्ता ओतली. 'पाणलावा पूर्ण तळ्यात कोठेही नाही, खात्री केली आहे. मात्र चहा चौदा. थंडी असूनही मजा आली. सोबत थर्मास नेला होता.' एक प्रत भाऊजींना, एक पुण्याला पाठवली.

आता इथं आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी अगदीच मूर्ख ठरेन. आमच्याकडे चहा नव्हताच, 'चाय' होती. सकाळी चाय, चारला चाय, पाहुणे आले की चाय. चहा हा शब्द मी फळ्यावर लिहायची, ओठांवर तो क्वचितच येई. म्हणून शिंगाडेवाल्याचा चहा माझ्या डोक्यात अगदी रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. भाऊजींनी नेहमीचा 'सौ.' सुद्धा लिहिला नव्हता. 'शून्य कळलं. तुम्ही खात्री करून लिहिलंत म्हणजे पाखरं वाटेतही नाहीत. महिनाअखेरीच्या सभेत मी बोलणार नाही. बाकी चौदा चहा प्यायलात हे वाचून आनंद झाला. थट्टेची वेळ नव्हती.'

मी कार्ड दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि 'चौदा चहा प्यायलात'पाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.

"अगं," हे म्हणाले, "तू चहा लिहिलंस?"

"मग काय लिहू? तो चहाच म्हणाला ना!"

"तो हिंदीत म्हणाला! त्यांच्यात ते पाखराचं नाव, मराठीत तो प्यायचा!"

कप ओट्यावर तसाच ठेवून मी निघाले. फ्रीगंजातल्या बूथवर रांग होती. माझी पाळी आली तेव्हा काचेचं दार नीट लागत नव्हतं. ताईकडे फोन नवाच आलेला, त्यामुळे तिकडून सगळे ओरडूनच बोलत.

"भाऊजी, चहा प्यायचा नव्हे, उडणारा!"

"काय?"

"चहा! चौदा! चिखलात बसले होते!"

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

मागून रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "बहनजी, चौदह चाय का ऑर्डर है तो बगल की दुकान में दो." सगळी रांग हसली. मी दार पाठीनं दाबून धरलं आणि शेवटी जे तक्त्यात लिहायला हवं होतं ते सांगितलं. लांब सरळ चोच. पाठीवर गवतासारखे पट्टे. पायाखालून उडतो, वेडंवाकडं वळतो, आवाज खरखरीत.

मीटरचे लाल आकडे पळत होते.

"पोहत होता का?" भाऊजींचा आवाज बदलला होता.

"छे. पाणलावा पोहतो ना? तो नव्हताच."

"पाणलावा पोहत नाही हो! पाणलावा चिखलात दडून बसतो. हाच तो! हाच! चौदा म्हणालात?"

"चौदा. ह्यांनी मोजले."

"मग बरोबर असणार," भाऊजी म्हणाले. त्या 'मग'बद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत भाऊजी बोलले. ताईनं पत्रात सगळं कळवलं. ते उभे राहून म्हणाले, "पाखरं मेलेली नाहीत, उज्जैनला आहेत." लोक म्हणाले, "मास्तर, महाकालाच्या दर्शनाला गेली काय?" हशा झाला, पण हसलेली माणसं नरम पडतात. तळ्याचा निर्णय फेब्रुवारी संपेपर्यंत थांबवायचा, तोवर खाजणात पाखरू उतरलं तर तो कोपरा सोडून खणायचं, असं ठरलं.

मी पुण्याला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. शून्य खोडून चौदा, आणि कारण काय तेही प्रामाणिकपणे. त्या रविवारी मंडळात मुलांनाही सांगितलं. विदुषीपद तिथंच संपलं, पण वर्गात हजेरी वाढली. बाई अजून काय काय चुकतात ते ऐकायला पोरं वेळेवर यायला लागली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. या खेपेला 'सौ.' होता.

'काल सकाळी खाजणात चहा झाला. नऊ. सरपंचांना चिखलात उभं करून दाखवले, त्यांची एक चप्पल गेली. कोपरा सुटला.'

पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून नवा तक्ता आला. त्यात पक्ष्याच्या नावाशेजारी एक कोरा रकाना वाढवला होता: 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' मी पेन उघडलं, पण लिहिलं काहीच नाही. थर्मास भरला आणि आधी शिंगाडेवाल्याला विचारायला निघाले.