सत्काराला आणलेला पिक्चर

कारंज्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुकट पिक्चर दाखवणारी साइट सरकारनं बंद केली की लोक आधी माझ्याकडे यायचे, आणि चहा संपायच्या आत मी नवा पत्ता काढून द्यायचो. गाजरगवत उपटायचं काम आहे ते, इकडून उपटा, तिकडून उगवतं. पण खरं सांगायचं तर दर बंदीला एखाददुसरा कंटाळायचाही. शेजारचे अत्तरवाले चाचा असेच कंटाळून रीतसर पैसे भरून पाहू लागले, तर मी त्यांना येड्यात काढलं होतं.

आसेगावच्या माझ्या धाकट्या चुलतभावानं गावातल्याच माणसांना घेऊन वऱ्हाडीत पिक्चर काढला. माझी काकू, म्हणजे त्याची आई, त्यात सासू झाली होती. पिक्चर एका छोट्या ॲपवर लागला. पहिल्या महिन्यात लोकांनी ॲपवरच पाहिला तर त्याला दुसरा पिक्चर काढायला मिळणार होता. त्यानं मला हे फोनवर सांगितलं होतं. मी हो हो म्हणालो. डोक्यात शिरलं असेल तर शपथ!

गावानं त्याचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि सभामंडपात पडद्यावर त्याचाच पिक्चर. तो आणायचं माझ्याकडे आलं. नेमकी त्याच आठवड्यात साइट बंद झाली, मग तर मला चेवच चढला. नवा पत्ता शोधला, पिक्चर पेन ड्राइव्हवर उतरवला, वर गावाच्या ग्रुपवर लिंकही टाकली. मोठा तीर मारल्यासारखा पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

काकूचा चेहरा पडदाभर आला आणि त्यावरून साइटचं नाव आडवं सरकत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी तो, अंगावर शाल, मांडीवर नारळ.

"दादा, ॲपवर गावातल्या एकानं तरी पाह्यला का?"

पुढं त्याला दोन शब्द बोलायला उठवलं, तर त्यानं सगळ्यांचे आभार मानले. माझेही मानले. त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसरा पिक्चर मिळाला नाही. तो आता लग्नांचं शूटिंग करतो. मी पत्ते देणं सोडलं, तर लोक दुसऱ्या दुकानातून घेतात. बंदीनं चोरी थांबते का, मला अजून सांगता येत नाही. मी थांबलो तो काही बंदीमुळे नाही.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. ॲपवाल्यांनी पिक्चर काढून टाकला होता, आणि त्याची स्वतःची हार्ड डिस्क बिघडली होती.

"दादा, तो पेन ड्राइव्ह हाय का अजून? मायले पिक्चर पाहाचा हाय."

ड्रॉवरमध्ये सापडला. काकूच्या चेहऱ्यावरून ते नाव तेवढं पुसता येतं का, म्हणून मी दुकान अर्धं लोटून दुपारभर बसलो. नाही पुसता आलं.