एकेचाळीस नंबरचा पट्टा

रावेत आणि पुनावळे ह्यांच्या मधे पवनेवर पूल नव्हता, तेव्हाची ही अंबुबाई. जातीची कोळीण, अंगानं काटकुळी. पलीकडच्या काठावर कुणी धोतर वर खोचून पाण्यात पाय घालायला लागला की अलीकडून ओरडायची, "थांब की रं बाबा, आले." आणि तो मुकाट्यानं धोतर खाली सोडायचा.

तिचा नवरा भैरू देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करायचा. लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी तिथून लढाईचा माल निघतच होता. तंबू निघायचे, दोरखंड निघायचे, एका पायाचे बूट निघायचे. असल्याच एका लिलावात भैरूनं एक रबरी होडी घेतली. सकाळी पायभात्यानं हवा भरायची, दिवसभर माणसं पैलतीरी न्यायची, संध्याकाळी हवा सोडून घडी घालायची आणि डोक्यावर घेऊन घरी यायचं. गावानं असली होडी जन्मात पाहिली नव्हती. काळीभोर, फुगलेली, पाण्यात नुसती पाठ वर काढून बसलेली. लोक तिला म्हैसच म्हणायला लागले.

"अंबुबाई, तुज्या म्हशीला पान्हा फुटलाय बग," रबराच्या सांध्यातून बुडबुडे येताना बघून एखादा उतारू म्हणायचा.

"तुला बगून फुटला असंल. हल्लू नगंस, लाथ मारंल," ती वल्हं न थांबवता सांगायची.

होडी भैरूनं घेतली खरी, पण चालवली अंबुबाईनं. कारण पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं काम सुरू झालं आणि भैरू तिथं राखणदार लागला. खाकी सदरा मिळाला, शिट्टी मिळाली. शिट्टी मिळाल्यावर त्याला वल्हं जड वाटायला लागलं. तो गेला शिट्टी वाजवायला आणि नदी राहिली बायकोकडे. त्याच कारखान्यामुळं पलीकडची माणसंही रोज कामाला यायला लागली. आधी दिवसाला पाच-सात खेपा व्हायच्या, आता उजाडल्यापासून माणसं काठावर ताटकळलेली असायची.

भैरूचा थोरला भाऊ मालोजी. वाडवडिलांची लाकडी होडी त्याच्याकडे होती, आणि तिचा तळ इतका कुजला होता की आत बसलेल्याला नदी दिसायची. मालोजीला हे कुणी म्हटलेलं चालत नसे.

त्याच साली कुठल्याशा नदीवर एक होडी माणसांसकट बुडाली आणि कचेरीतून हुकूम निघाला. उतारू नेणाऱ्या प्रत्येक होडीला नंबर घ्यायचा, तो वीतभर उंच आकड्यांत दोन्ही अंगांना लावायचा, काठावरून वाचता आला पाहिजे. नंबर नसलेली होडी पाण्यात दिसली की जप्त. तपासणीला साहेब आले. मालोजीच्या होडीचा तळ त्यांनी काठीनं टोचला, काठी आरपार गेली. नंबर मिळाला नाही. म्हशीला मिळाला, एकेचाळीस.

आता रबराला नंबर लावायचा कसा? लाकडी होडीवाल्यांचं सोपं होतं, रंगवा नाहीतर पत्रा ठोका. अंबुबाईनं बैलगाड्या रंगवणाऱ्याकडून आकडे काढून घेतले. छान दिसले. संध्याकाळी हवा सोडून घडी घातली आणि सकाळी उघडली तर रंगाचे पोपडे, चाराचा नुसता कान उरलेला. मग चिंचवडच्या सायकलवाल्याकडून ट्यूबचे आकडे कापून ते सोल्यूशननं चिकटवले. दुपारच्या उन्हात सोल्यूशन पातळ झालं आणि एक निघून गेला.

कचेरीतले कारकून सोपानराव वहीत बघायचे, होडीकडे बघायचे. "बाई, नंबर कुठाय?"

"हाय की सायेब. जरा खालच्या अंगाला व्हावून गेलाय."

"हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या सोमवारी नंबर दिसला नाही तर होडी उचलून नेईन."

मग अंबुबाईनं आपलं डोकं चालवलं. भैरूनं आणलेल्या तंबूच्या कापडाचा हातभर रुंदीचा लांब पट्टा कापला. सोपानरावांनी कागदावर काढून दिलेले आकडे पांढऱ्या मांजरपाटावर उतरवून कापले. तिला वाचता येत नव्हतं. पण ह्या दोन आकड्यांचं वळण तिनं इतक्यांदा बोटानं गिरवलं की देवासमोरच्या रांगोळीत चुकून तेच यायला लागलं. चांभाराकडून आर आणि मेण लावलेला दोरा आणला. तीन दिवस शिवत होती. दोन्ही टोकांना आकडे, मधला भाग होडीवरून आडवा टाकायचा आणि कडांना असलेल्या दोरीच्या कड्यांत गच्च बांधायचा. संध्याकाळी सोडायचा, गुंडाळायचा, घरी न्यायचा.

सोपानरावांनी पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. "सुटणार नाही ना?"

"म्या बांदलाय, सायेब."

त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि दोन वर्षं त्या पट्ट्यानं अंबुबाईचं घर चाललं. लेक इंदू त्यातच उजवली, पलीकडे पुनावळ्यात दिली. आईची होडी दाराशी म्हणून पोर हसत सासरी गेली.

ह्या दोन वर्षांत मालोजीनं नवी लाकडी होडी करवून घेतली. पण नव्या नंबरासाठी अर्ज टाकला तर कचेरीतून उत्तर आलं की एका घाटाला एकच होडी, रावेतला ती आहे. मालोजीची होडी काठावर पालथी पडून राहिली. येताजाता तो तिच्यावर हात फिरवायचा. अंबुबाईला ते दिसायचं. वाईटही वाटायचं. पण थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. तो समोर आला की पदर पुढं ओढायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच.

नवरात्र आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली हत्यारं पुजतात. ह्या घराची रीत अशी की दोन्ही भावांची हत्यारं थोरल्याच्या घरी एका पाटावर मांडायची, आणि सोनं वाटून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तेवढा वेळ होडी बंद. दर साली अंबुबाई वल्हं न्यायची. ह्या साली जाऊ, शालनबाई, म्हणाली, "वल्ह्याला काय पुजायचं? तुजी होडी पाटावर मावंना, पर पोटाला घालतो तो पट्टा. त्योच आण. मी हळदकुंकू वाहते."

अंबुबाईला बरं वाटलं. पट्टा धुतला, वाळवला आणि आपल्या हातानं नेऊन पाटावर ठेवला. जावेनं त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं. अंबुबाईनं त्याच्यापुढं डोकं टेकलं.

दसऱ्याला संध्याकाळी ती आणायला गेली तर शालनबाई दारातच आडवी. "आत्ता पावनं आल्यात. सकाळी ने."

"सकाळी खेप असती, जाऊबाई."

"तर सकाळी लवकर ये."

सकाळी लवकर गेली तर दाराला कडी. घाटावर गेली. मालोजीची नवी होडी पाण्यात होती, आत आठ उतारू बसलेले, आणि दोन्ही बाजूंना तिचा पट्टा. नुसता बांधलेला नाही. मधे कापून दोन केलेला, आणि लाकडाला चुका ठोकून बसवलेला. तिनं घातलेल्या टाक्यांतूनच चुका गेल्या होत्या.

मालोजीनं तो दिवस उगाच निवडला नव्हता. सहामाही तपासणीचे साहेब त्याच सकाळी आले, बरोबर सोपानराव वही घेऊन. आणि भैरू. खाकी सदरा घालून, कामाला न जाता.

अंबुबाई पुढं झाली. पदर कपाळावरून मागं सरला होता, तिला भान नव्हतं. "सायेब, नंबर माजा हाय. ही होडी माजी न्हवं."

साहेबांनी सोपानरावांकडे पाहिलं. सोपानरावांनी वही चाळली. "नंबर एकेचाळीस, रावेत घाट, मालक भैरू कोळी. रबरी का लाकडी, त्याचा रकाना नाही साहेब."

"पन तुमी सवता बगितली हुती की. वढून बगितला हुता पट्टा."

सोपानराव वहीतच बघत राहिले. "बाई, आम्ही नंबर बघतो. नंबर दिसतोय."

साहेबांनी भैरूला विचारलं, "तू भैरू? ही होडी तुझी?"

भैरूनं भावाकडे पाहिलं. अंबुबाईकडे पाहिलं नाही. "घरचीच हाय सायेब."

"आणि ती रबरी?"

"ती जुनी झालीया. गळती."

अंबुबाई म्हणाली, "सायेब, ह्यास्नी एवढंच इचारा, वल्हं कंच्या बाजूला झिजलंय."

मालोजी होडीतून म्हणाला, "बायामानसानं चारचौघांत तोंड चालवायची आमच्या घरात रीत न्हाई, सायेब. माफ करा."

तेव्हा अंबुबाई थोरल्या दिराकडे पहिल्यांदा सरळ बघून बोलली. "भावजी, पूजा केली म्हून आनलं हुतं म्या. चोरायचंच हुतं तर माज्या फळीवरनं न्यायचं. देवाला कशाला मदे घेतलं?"

"घरात पुजलं ते घराचं," मालोजी म्हणाला.

साहेबांना पलीकडच्या घाटावर जायचं होतं. "घरचं भांडण घरी मिटवा," म्हणाले, आणि लाकडी होडीत बसून गेले. जाताना म्हणे तिची बैठक चांगली असल्याचं बोलले.

घरी आल्यावर भैरू आधी तिच्यावरच उसळला. "भावाच्या तोंडाला लागलीस. पदर बी न्हवता डोक्यावर."

"तुमी कंदी ठरिवलं हे?"

खाकी सदरा खुंटीला अडकवत तो म्हणाला, "कामावरची लोकं हसत्यात अंबे. म्हन्त्यात, बायकोनं वल्हवत आणून सोडला का रं. गडी मानसानं ऐकायचं किती?"

"मंग वल्हवायचं की सवता," ती म्हणाली. एवढंच. पुढं आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि त्यालाही त्याची निकड वाटलेली दिसली नाही.

बिननंबरची म्हैस पाण्यात घालता येईना. भैरूनं ती चाकणच्या उद्धवराव कांदेवाल्याला विकली. त्यांनी उभी चिरून कांद्याच्या ढिगावर पावसाची पांघरली. चांगली टिकली म्हणतात.

मालोजी काही राक्षस नव्हता. त्यानं अंबुबाईला कधी भाडं मागितलं नसतं. पण ती त्याच्या होडीत बसली नाही. माघात नदी उतरली की गुडघाभर पाण्यातून चालत लेकीकडे जायची आणि ज्येष्ठात पाणी चढायच्या आत परत यायची. मधले महिने इंदू पलीकडे आणि ती अलीकडे.

इंदूचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली. दुसरं सासरी झालं, ऐन श्रावणात. निरोप घेऊन मालोजी स्वतः दारात आला.

"इंदूला मुलगा झाला, अंबू. अवघड गेलं तिला. तुजं नाव घेत हुती. चल, नेऊन सोडतो. हात जोडतो पायजे तर."

अंबुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पदर नीट केला. "भावजी, डिंकाचं लाडू बांदून देते. तेवढं पोचवा."

लाडू पोचले. ती गेली नाही. भैरू म्हणाला, "दगडाची हायेस." पुढचे सहा महिने ती संध्याकाळी घाटावर जाऊन उभी राहायची. पलीकडे इंदू कधी बाळाला उंच धरून दाखवायची, कधी नाही. एवढ्या लांबून पोराचं टोपडं दिसायचं, तोंड नाही.

माघात नदी उतरली त्या दिवशी ती पलीकडे गेली. नातू अंगणात बसता झाला होता. हिनं उचलून घेतला तर अनोळखी बाई बघून त्यानं जो सूर धरला तो थांबेना. इंदूनं हात पुढं केले आणि तो आईकडे झेपावला.

"राहू दे आई," इंदू म्हणाली. "त्याला तुजी सवय न्हाई."

अंबुबाई ओलं लुगडं पिळत ओट्यावर बसली. "न्हाईच," म्हणाली. "कुटनं असनार."