कोर्टाचं कुलूप

सौदीतल्या अबकैकच्या आमच्या तेलाच्या प्लँटमधले एक सहकारी निवृत्त होऊन नाशिकला परतत होते. त्यांनी तिथल्या एका दुकानदाराला, त्याचं दुकान गहाण ठेवून घेऊन, कर्ज दिलं होतं. दुकानदाराची दिवाळखोरीची केस कोर्टात गेली, तेव्हा त्यांनी ते गहाणखत मला बऱ्याच कमी किमतीत दिलं. लेकीच्या कॉलेजसाठी साठवलेले पैसे मी त्यात घातले. वकिलाकडून कागद तपासून घेतले, दुकानाची किंमत काढली, कोर्टात आपला दावा नोंदवला. आता फक्त थांबायचं होतं.

बायकोला मात्र धीर धरवेना. शुक्रवारी पोहे खाताना ती म्हणाली, "अहो, त्या माणसाला सरळ फोन लावा ना. थोडे तरी देईल."

"केस संपेपर्यंत वसुलीला जायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे."

"मग लेकीच्या फीला काय हुकूम भरायचा?"

प्लँटमध्ये दुरुस्ती चालू असली की व्हॉल्व्हला कुलूप घालतात आणि ज्याने घातलं त्यानेच ते काढायचं असतं. मी तिला तेच सांगितलं. "मधेच दुसऱ्या कुणी काढलं, तर आत काम करणारा जिवाला मुकतो."

त्यानंतर फोनचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे कोर्टाने दुकानदाराला झेपतील असे हप्ते बांधून दिले. दुकान चालू राहिलं. पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी बायकोनेच विचारलं, "आता तरी करू का त्याला फोन? नुसतं कसे आहात विचारायला?"

"कर की," मी म्हटलं. "कुलूप निघालंय."