मेस्त्रींनी रंग काढलेलं जहऱ्याचं घर

स्वतःच्या घराची काळजी सगळेच करतात. पण परक्या देशातल्या, परक्या माणसाच्या, पडक्या घरावर जीव टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे मेस्त्री! मूळचे मालवणकडचे, कुवेतमधल्या शुवैखच्या एका वर्कशॉपात सुतार. मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर, घर पुण्याचं. म्हणून मला ते 'पुणेकरानू' अशी हाक मारत. त्या हाकेत आदर किती आणि चेष्टा किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

घर होतं त्यांच्या कफीलाचं, म्हणजे ज्या म्हाताऱ्या कुवेती मालकाकडे त्यांचा व्हिसा होता त्याचं. तेल सापडायच्या कितीतरी आधी त्याच्या आजोबांनी शहराबाहेर जहऱ्याला येऊन खजुरांचा मळा केला आणि मातीच्या विटांचं ते घर बांधलं. आखाती युद्धातूनही ते वाचलं. नव्वदच्या दशकात मेस्त्री दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बस पकडून डागडुजीला तिथे हजर! मला पहिल्यांदा नेलं तेव्हा माझा हात धरून त्यांनी थेट दारावर ठेवला. "ह्यां लाकूड खयचां? आमच्याकडचां! गलबतातसून इलां." कशावरून, असं विचारायची सोय नव्हती, विचारलं की दाराचा वास घ्यायला लावत. मला धुळीचा वास आला. एकदा म्हातारा मालक फाटकाला 'दरवाजा' म्हणाला, तर मेस्त्रींनी मला कोपरानं ढोसलं. "बघलात? शब्दसुद्धा आमचोच!"

शुवैखच्या खोलीत त्यांच्या वाट्याला दुमजली खाटेचा वरचा मजला. गावच्या घरी दोन वर्षांतून महिनाभर, तेही पाहुण्यासारखं. जहऱ्याला मात्र ते घरधनी होते. उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावायचे, गूळपाणी द्यायचे. त्यांचं ते रूप मला फार आवडायचं.

मग मालकाच्या मुलांना तिथे टोलेजंग व्हिला हवासा वाटू लागला. "घर फिरलं की वासेही फिरतात, मेस्त्री," मी म्हणालो. केवढे खवळले! "ह्ये वासे फिरणारे न्हयत! हात लावन बघा!" शेवटी म्हाताऱ्यानंच तोड काढली. जुन्या वास्तूंची नोंद करणारी सरकारी माणसं शनिवारी येतील. ती 'जपण्याजोगं' म्हणाली तर घर राहील, नाहीतर पडेल.

सरकारी पाहुणे येणार म्हटल्यावर मेस्त्रींनी तेच केलं, जे कोकणातला माणूस गणपतीच्या आधी करतो. खोलीतले चौघं जमवून गुरुवार-शुक्रवारात घराला रंग काढला. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर पोपटी डिस्टेंपर. दाराला चॉकलेटी ऑइलपेंटचे दोन हात. शनिवारी मी रजा टाकून पोचलो आणि फाटकातूनच ओरडलो. "अहो मेस्त्री, हे काय करून बसलात!"

"पावणे येतले, आणि घर काय पारोसां ठेवचां?"

तपासणीला आलेला अधिकारी सभ्य होता. त्यानं भिंतीवरून बोट फिरवलं, पोपटी झालेल्या बोटाकडे पाहिलं आणि मालकाला हळूच काहीतरी सांगितलं. मेस्त्रींना त्यातला 'जदीद' एवढा शब्द कळला. जदीद म्हणजे नवं. त्यांचा चेहरा असा काही फुलला! "आयकलात? नव्यासारखां म्हणालो तो!"

सगळं नवं झालंय, आता जपण्यासारखं काही उरलेलं नाही, असं अधिकारी म्हणाला होता, हे त्यांना मीच सांगितलं. इतकं जड काम मी रिफायनरीतही कधी केलं नाही. मेस्त्री रंगाचे डबे गोळा करून एकात एक घालत राहिले.

महिन्याभरात घर पडलं. दार अम्गऱ्याच्या भंगारबाजारात गेलं. त्यानंतरच्या शुक्रवारी मेस्त्री खोलीवर नव्हते. खोलीतल्यांनी सांगितलं म्हणून मी अम्गऱ्याला गेलो. भर उन्हात दार आडवं टाकून ते पॉलिश पेपरनं आपलाच रंग घासून काढत होते. हातभर जागेत जुनं, काळसर सागवान वर आलं होतं.

"आता बोलवा त्या हापिसराक," मान वर न करता ते म्हणाले.

त्याला बोलावून आता काय होणार होतं? मी पॉलिश पेपरचा एक तुकडा फाडून घेतला आणि दाराच्या दुसऱ्या टोकाला बसलो.