किनाऱ्यावरची फुकट पंगत

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. साठ सालानंतर लवकरच मला नोकरी मिळाली ती थेट कोकणात, समुद्रकाठच्या एका खेड्यातल्या शाळेत. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं, पण बाबांचा होकार नव्हता. "गाव पाहू दे पह्यले, मंग सांगतो," म्हणाले आणि मे महिन्यात विदर्भातल्या आर्णीहून माझ्यासोबत निघाले. आईनं ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

आम्ही पोचलो तेव्हा नेमका गावचा उत्सव होता. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून ठेवण्याआधी सारं गाव किनाऱ्यावर जमत असे. ढोल वाजत होते, पोरं वाळूत शर्यती लावत होती, माडांखाली चुली पेटल्या होत्या. पंगतीला कुणीही बसावं, जेवण फुकट. बाबांनी समुद्र एकदा पाहून घेतला. मग त्यांची नजर त्या चुलींवरून हलेना.

"कोन देते हे जेवन?" त्यांनी पत्रावळी मांडणाऱ्याला विचारलं.

"कोण म्हणजे? गाव देता."

"गाव म्हंजे कोन? त्या मानसाचं नाव सांगा ना."

तो हसला. "आम्ही सगळेच ओ काका. बसा जेवक. तुमचो झील आता आमचोच मास्तर!"

बाबांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "आयकलं? तू रुजू बी नाही झाला, अन् हे आमचा म्हनून राह्यले."

मला त्यांची भीती कळत होती. आमच्याकडे कापसाच्या बाजारात अडत्याच्या ओट्यावर चहा घेतला, की कापसाची बैलबंडी त्याच्याच दारी रिकामी करायची. दुसरा चढा भाव देत असला तरी बंडी वळवणं बेइमानी. त्यामुळे बाबा बाजारात कुणाचं पाणीही पीत नसत. इथं तर अख्खी पंगत होती आणि बंडीच्या जागी मी होतो.

"आपली शिदोरी सोड," ते म्हणाले.

मी फडकं सोडलं. आमच्या उन्हाळ्यात भाकरी वाळून खडखडीत होते, पण नासत नाही. इथल्या दमट हवेत तिला हिरवी बुरशी चढली होती. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हवा बी या लोकायच्याच बाजूची," ते पुटपुटले.

तेवढ्यात पाण्याकडे आरडाओरडा झाला. मोठं जाळं किनाऱ्याकडे ओढलं जात होतं आणि दोराला माणसं कमी पडत होती. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बाबांकडे पाहून ओरडली, "बसलास काय रे? हात लाव!"

बाबांना हा सौदा एकदम पटला. धोतर खोचून ते दोराला लागले. बैल नसला की विहिरीवरच्या मोटेचा नाडा स्वतः ओढलेला माणूस तो. टाच वाळूत रुतवून असे ओढू लागले की पुढचे दोघे मागे वळून पाहू लागले. जाळं वर आल्यावर हात झटकून ते सरळ पंगतीत बसले.

"बस तू बी. आता फुकट नाही."

ते पोटभर जेवले. पण उठतात तोच म्हातारीनं माडाच्या झावळीत बांधलेले मासे त्यांच्यापुढे ठेवले. "तुमचो वाटो."

"कायचा? मजुरी तं खाल्ली मी!"

"ती पंगत. दोर ओढलो त्याचो ह्यो वाटो. पुढच्या वर्षी पण येवा."

बाबांचा चेहरा पुन्हा पडला. ते मासे त्यांनी पंगतीच्याच चुलीवर नेऊन दिले, तेव्हा कुठे चालू लागले. एस.टी.च्या थांब्यावर त्यांनी धोतरातली वाळू झटकली.

"मानसं चांगली आहेत," ते म्हणाले. "लबाड असते तं तुले इथं ठेवाले मले भेव नसतं वाटलं. तू वापस येशीन ना?"

"येईन, बाबा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. विश्वास बसला असं काही मला वाटलं नाही. "मंग कर नोकरी. पन सुट्टी लागली का त्याच दिवशी गाडी धरायची. या पंगतीले थांबायचं नाही."

मी तिथं बरीच वर्षं शिकवलं. तो उत्सव मात्र पुन्हा कधी पाहिला नाही.